लेझर मशीनचा डिस्प्ले कधी पांढराफटक, कधी पट्टेच पट्टे. नवीन पॅनल घेऊ की थांबू?

अशोकचौकी – शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये पूर्वी आमचे चार माग होते, टॉवेल निघायचे. माग भंगारात गेले आणि त्या जागी तीन वर्षांपूर्वी ८० वॅटचं सीओटू लेझर मशीन बसवलं. नेमप्लेट, ट्रॉफ्या, एमडीएफची अक्षरं आणि सध्या लग्नसराई म्हणून रुखवत. मशीनचं अंग धडधाकट आहे, डोकं फिरलंय. डोकं म्हणजे डिस्प्ले.

गेले पंधरा दिवस सकाळी चालू केलं की पडदा नुसता पांढरा. ना अक्षर ना आकडा. पॅनलला टपली मारली की कधी येतो, कधी नाही. आला तरी डाव्या बाजूला उभे पट्टे. दुसरा त्रास वेगळाच. कटिंग चालू असताना लेझर पेटला की पडदा थरथरतो आणि मध्येच गोठतो. आकडे एका जागी अडकून बसतात, हेड मात्र आपलं काम इमानदारीत करत राहतं.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी व्हिडिओ न बघताच सांगून टाकलं, पॅनल गेलं, नवीन टाका. साडेअकरा हजार आणि वर माणसाचं येणंजाणं. अक्षय्य तृतीयेच्या आत सात रुखवतं द्यायची आहेत. पैसे घालू का आधी घरी काही बघण्यासारखं आहे?

दत्तचौकातला – शनिवार, ९.३२

टपलीने चालू होतंय ना, मग काय पाहिजे बे? आमच्या वडिलांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही अकरा वर्षं टपलीवरच चालला. जाणकार येतीलच. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

सुट्टेपार्ट – शनिवार, १०.०५

थांबा, पैसे काढू नका.

पडदा पांढरा आहे म्हणजे मागचा दिवा पेटतोय, म्हणजेच पॅनलपर्यंत वीज येतेय. येत नाही ते चित्र. पडदा काळाठिक्कर असता तर वाट वेगळी होती. तेव्हा अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. आत पुसट अक्षरं दिसली तर फक्त बॅकलाइट मेलेला, काहीच दिसलं नाही तर वीज किंवा बोर्ड. तुमच्यात टपलीने चित्र येतं, म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे. मेलेला पार्ट टपलीने जिवंत होत नसतो.

पण लेझर पेटल्यावर थरथरणं मला या गोष्टीशी जुळत नाही. दोन दुखणी एकाच वेळी आलेली असू शकतात, त्यामुळे एकाच उपायाने दोन्ही जातील असं धरून चालू नका.

आधी मोजमाप. कंट्रोलरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या बोर्डाला, २४ व्होल्ट डीसी देणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असेल. मल्टिमीटर डीसीवर लावून कंट्रोलरच्या टर्मिनलवर मोजा. एकदा मशीन नुसतं उभं असताना आणि एकदा हेड जोरात पळताना. पळताना २४ वरून २१-२२ वर आपटत असेल तर एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेत.

निवृत्तवायरमन – शनिवार, १०.४०

मोजायच्या आधी दोन शब्द ऐका. त्या मशीनमध्ये दोन पॉवर सप्लाय असतात. एक साधा २४ व्होल्टचा. दुसरा लेझर ट्यूबचा, त्यातून जाड लाल वायर निघते आणि तीत वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो. त्या दुसऱ्या डब्याचं झाकण उघडायचं नाही. मशीन बंद असलं तरी नाही. साध्या एसएमपीएसच्या पोटातसुद्धा बंद केल्यावर काही वेळ तीनशेच्या वर डीसी साठलेलं असतं, त्यामुळे फक्त बाहेरच्या स्क्रूवर मोजायचं, तेही एका हाताने. दुसरा हात खिशात. चप्पल पायात.

आणि अशोकचौकी, तुमच्या शेडचं अर्थिंग कधी तपासलंय? मागाच्या काळातलंच असेल ना?

फर्मवेअरप्रेमी – शनिवार, ११.१५

सरळ फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट मारा. माझ्या मित्राचं तसंच ठीक झालं.

सुट्टेपार्ट – शनिवार, ११.२१

कृपा करून नको. टपलीवर चालणाऱ्या पडद्याला फर्मवेअर काय करणार? आणि जोड सैल असताना अपडेट अर्ध्यात अडकलं तर साडेअकरा हजारांत भागणार नाही.

त्यापेक्षा आज एक काम करून ठेवा. सॉफ्टवेअरमधून मशीनच्या सगळ्या सेटिंग वाचून फाइल सेव्ह करा. लाइटबर्न आणि आरडीवर्क्स, दोन्हींत सोय आहे. एका मिलिमीटरला किती स्टेप, बेडची लांबी-रुंदी, होमिंगचा वेग, हे सगळं बोर्डाच्या पोटात असतं. उद्या बोर्ड बदलायची वेळ आली आणि हे आकडे नसतील तर १०० मिमीचा चौकोन ९७ चा निघेल आणि तुम्ही डोकं धरून बसाल.

रुखवतवाली – शनिवार, दुपारी १.५०

दादा, ऑर्डरी थांबवू नका. मी जुळे सोलापूरला असते, मागच्या वर्षी ऐन मे महिन्यात माझ्या मशीनचा पडदा पूर्ण गेला होता. नऊ दिवस पडद्याशिवाय काम केलं. यूएसबी केबलने लॅपटॉप जोडायचा, लाइटबर्नमध्ये मूव्हची खिडकी असते तिच्यातून हेड हलवायचं, फ्रेम दाबून कागदावरून नुसती चक्कर मारून घ्यायची आणि मग स्टार्ट. डिस्प्ले म्हणजे फक्त खिडकी आहे, काम मागचा बोर्ड करतो. नेटवर्क केबलनेही चालतं. रुईडाचा बोर्ड असेल तर कारखान्यातून येताना त्याचा आयपी १९२.१६८.१.१०० असतो.

एकच काळजी. पाण्याची किंवा झाकणाची चूक आली तर ती पडद्यावर येते आणि तुम्हाला दिसणार नाही. लेझर मध्येच पेटायचा बंद झाला तर आधी चिलरचं पाणी फिरतंय का ते बघा. पडदा नाही म्हणून वॉटर सेन्सरला बायपास करायचा उद्योग करू नका, आमच्याकडच्या एका पोराने केला आणि ट्यूब तडकली. आणि मशीन सोडून चहाला जायचं नाही. एमडीएफ पेटायला किती वेळ लागतो ते मी बघितलंय.

अशोकचौकी – शनिवार, रात्री ९.२५

सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या पद्धतीने आज एक आख्खं रुखवत कापलं. सप्तपदीचे सात पाट, तुळशीवृंदावन, नावाची पाटी. पडदा पांढराच होता. बायको म्हणाली, मग एवढे दिवस त्या पडद्याकडे बघून काय करत होतात?

सेटिंगची फाइल काढून स्वतःला मेलवर पाठवली.

मोजमाप: उभं असताना २४.२, हेड पळताना २४.१. म्हणजे एसएमपीएस निर्दोष.

काका, अर्थिंगचा विषय तुम्ही काढलात म्हणून तेही बघितलं. फेज ते न्यूट्रल २३१. न्यूट्रल ते अर्थ ३८. फेज ते अर्थ १६० ते १९० च्या मध्ये नाचतंय, स्थिर होतच नाही.

निवृत्तवायरमन – शनिवार, ९.४०

मला वाटलंच होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला नको आणि फेज ते अर्थ जवळपास २३० यायला हवं. तुमचं अर्थिंग नावाला आहे. वायर आहे, पण जमिनीशी नातं तुटलंय.

शेडच्या मागे खड्डा असेल, वर सिमेंटचं झाकण. चाळीस वर्षं मी कारखान्यांतून हेच काम केलं. माग चालू असायचे तेव्हा शिवरात्र झाली की खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकायची शिस्त होती. आता माग गेले, तशी शिस्तही गेली. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडला सोडून बाजूला होते. मग तुमच्या मशीनच्या पत्र्यावर साठलेला विजेचा गोंधळ जाणार कुठे? ट्यूब पेटताना तो पत्र्यावर उसळतो आणि पडद्यासारख्या नाजूक भागात शिरतो. पडदा गोठणं सोडा, ओल्या हाताने मशीनला टेकलात तर तुम्ही गोठाल. उद्या रविवार आहे, आधी हे करा. नुसतं पाणी टाकून भागलं तर ते तात्पुरतं. कोळसा-मीठ नव्याने भरा, इलेक्ट्रोडवरचा क्लॅम्प गंजला असेल तर बदला आणि परवानाधारक माणसाकडून अर्थ टेस्टर लावून घ्या. आणि मशीनच्या पाठीमागे अर्थचा वेगळा स्क्रू असतो. पुष्कळांचा तो रिकामाच असतो.

अशोकचौकी – रविवार, सायंकाळी ६.१०

काका, तुम्ही शेड बघून गेलात की काय? मागचा स्क्रू रिकामा होता. खड्ड्याच्या झाकणावर आमच्या आईने तुळशीची कुंडी ठेवलेली. क्लॅम्प हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. ओळखीचे वायरमन येऊन सगळं नव्याने भरून गेले. बेचाळीस डिग्रीत खड्डा उकरायचा म्हणजे काय ते विचारू नका, दोन माठ ताक संपलं.

आता न्यूट्रल ते अर्थ २, फेज ते अर्थ २२९. आणि कटिंग चालू असताना पडदा गोठणं बंद! जोरात पॉवर लावली तर किंचित थरथर आहे, पण आकडे पळतात.

सकाळचा पांढरा पडदा आणि डावीकडचे पट्टे मात्र जसेच्या तसे.

सुट्टेपार्ट – रविवार, ६.३०

एक गेलं, एक राहिलं. उरलेल्या थरथरीसाठी आत डोकावा. ट्यूबची लाल वायर आणि पॅनलची केबल एकाच जुडीत केबल टायने बांधलेली असेल तर सोडवा, दोघींमध्ये हातभर अंतर ठेवा. जिथे एकमेकींना ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात. मशीन बंद, प्लग बाहेर, अर्धा तास गेलेला, मगच.

आणि पॅनलचे चार स्क्रू काढून मागच्या केबलचा फोटो टाका.

जेकार्डअण्णा – रविवार, रात्री ८.००

मी इलेक्ट्रॉनिक जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, कार्डं, पॅनल दुरुस्त करतो. माझं मराठी तेलुगू मिक्स आहे, सांभाळून घ्या. मागावरच्या पॅनलमध्ये हाच आजार येतो. तिथे कापसाची धूळ जाते, तुमच्यात धूर जाणार.

फोटोत तीन गोष्टी दिसू द्या. केबलचा कनेक्टर, बोर्डावरच्या पिना, आणि हेड ज्याच्यावर पळतं ती स्टीलची पट्टी. पट्टी कशाला ते नंतर सांगतो.

अशोकचौकी – रविवार, १०.१५

फोटो टाकलेत. मागे रुंद एफआरसी केबल (शेजारी शेजारी तारांची चपटी पट्टी) आहे, राखाडी, एका कडेला लाल रेघ. लाल वायर खरंच तिच्याशेजारीच बांधलेली होती, सोडवली. कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवट-पांढरं काहीतरी चढलंय. पट्टीवर तांबूस ठिपके आहेत, मला वाटलं दमटपणाने असतील.

जेकार्डअण्णा – रविवार, १०.२८

सोलापुरात एप्रिलमध्ये कसला दमटपणा ओ.

खरं सांगा. रेक्झिन कापता का?

दत्तचौकातला – रविवार, १०.३१

अण्णांनी केस पकडली. भाकरी गार झाली तरी चालेल, मी उठत नाही.

अशोकचौकी – सोमवार, सकाळी ८.०५

रात्रभर उत्तर द्यावं की नाही या विचारात होतो.

हो. दिवाळीपासून आहेराची पाकिटं आणि की-चेन करतोय. रेक्झिनचा आख्खा रोल स्वस्तात मिळाला. वास येतो, घसा खवखवतो, म्हणून पंखा लावून दार उघडं ठेवतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं लेझरवर चालतं म्हणून.

जेकार्डअण्णा – सोमवार, ८.४०

लेझरवर कापलं जातं, हे खरं. चालत नाही. बहुतेक रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर, आणि पीव्हीसीच्या वजनात अर्ध्याहून जास्त क्लोरीन असतो. जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, हवेतल्या पाण्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास धुवायचं अ‍ॅसिड तेच. तुम्ही दिवाळीपासून मशीनला आणि स्वतःच्या छातीला त्याची धुरी देताय. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवल्यावर ते कसं कळकतं? तुमच्या पिना तशा कळकल्यात. पट्टीचा गंज त्याचाच. म्हणून पट्टीचा फोटो मागितला.

संशय असेल तर घरीच परीक्षा घ्या. तांब्याची जाड वायर पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. मग ती तापलेली वायर रेक्झिनला टेकवा, थोडं वितळून चिकटेल. पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली तर क्लोरीन आहे. तो माल लेझरखाली नको. खिडकी उघडी ठेवून करा, तुकडा नखाएवढाच घ्या.

रुखवतवाली – सोमवार, ९.१२

दादा, मशीनचं जाऊ द्या, आधी घशाचं बघा. शेड घरामागेच आहे म्हणालात, लहान मुलं असतील तर त्यांनाही तिकडे पाठवू नका. खवखव जात नसेल तर डॉक्टरांना नक्की सांगा की हा धूर घेतलाय म्हणून, नाहीतर ते उन्हाळी सर्दीचं औषध देतील.

अशोकचौकी – सोमवार, दुपारी २.४०

ज्योत हिरवी. पोपटी नाही, गडद हिरवी. बायकोला दाखवलं, ती काही बोलली नाही, पण तिने रोल उचलून जिन्याखाली ठेवला. डॉक्टरकडे संध्याकाळी जातोय.

अण्णा, आता पिना कशा साफ करू?

जेकार्डअण्णा – सोमवार, ३.०५

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हटलं की देतात. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. जुना मऊ टूथब्रश आयपीएत बुडवून पिना हळू घासा, पाच-सहा वेळा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. पिनेवरचा मुलामा निघाला की महिन्याभरात पुन्हा कळकणार. वाळू द्या, कनेक्टर तीन-चारदा घाला-काढा, म्हणजे आतल्या पत्त्या पिनेला घासून जागा करतात. लाल रेघ जिथे होती तिथेच आली पाहिजे, ती एक नंबर पिनेची खूण. उलटा घातलात तर मी जबाबदार नाही. आणि हात लावायच्या आधी मशीनच्या पत्र्याला हात टेकवा, आता तुमचं अर्थिंग चांगलं आहे, अंगावरची स्थिर वीज उतरून जाईल.

अशोकचौकी – सोमवार, रात्री ८.५०

आला! सगळा पडदा, निळी पट्टी, आकडे, सगळं. पट्टे नाहीत. तीनदा बंद-चालू केलं, तिन्हीदा टपलीशिवाय.

दत्तचौकातला – सोमवार, ८.५५

चला, अण्णांना हुग्गी द्या. धागा संपला.

अशोकचौकी – गुरुवार, सकाळी ७.२०

संपला नाही. आज सकाळी पुन्हा पांढरा.

जेकार्डअण्णा – गुरुवार, ७.४५

मला शंका होती. बोर्डावरच्या पिना साफ होतात, पण केबलच्या कनेक्टरच्या पोटात ब्रश पोचत नाही. एफआरसीत प्रत्येक तारेत एक दाताळी पत्ती घुसलेली असते, तिथे आम्ल बसलं असणार. मल्टिमीटर बजरवर ठेवा (तार अखंड असेल तर वाजतो), केबलच्या एका टोकाची एक नंबर आणि दुसऱ्या टोकाची एक नंबर. बजर वाजतानाच केबल हळू वाकवा. असं एकेक करत शेवटपर्यंत.

अशोकचौकी – गुरुवार, १०.३०

दोन तारा वाकवल्या की बजर तुटतो, एक तर वाजतच नाही. म्हणजे गुन्हेगार केबल, पॅनल नव्हे?

सुट्टेपार्ट – गुरुवार, १०.३८

होय. नवीन केबल घेताना पिना मोजा, दोन पिनांमधलं अंतर मोजा आणि लांबी जुनीएवढीच ठेवा. जरा लांब असू दे म्हणून दुप्पट घेतली की ती अँटेनाचं काम करते, थरथर परत येईल. गावात नाही मिळाली तर सांगा, मी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येणाऱ्या कुणाच्या तरी हातात देतो.

जेकार्डअण्णा – गुरुवार, १०.५०

पुण्याहून कशाला? जेकार्डला हीच केबल लागते. माझ्याकडे रोल आहे, कनेक्टर आहेत, दाबायचं यंत्र आहे. जुनी घेऊन या. चारनंतर या, आधी एका कारखान्यात जायचंय.

अशोकचौकी – शुक्रवार, रात्री ९.३०

अण्णांकडे जाऊन आलो. दहा मिनिटांत केबल दाबून दिली, प्रत्येक पिन बजरवर तपासून. केबल आणि कनेक्टरचे मिळून एकशे ऐंशी रुपये घेतले, मजुरी घेईनात. मी शेंगाचटणीचा डबा ठेवून पळून आलो.

आज दिवसभर मशीन चाललं. सकाळी पडदा पहिल्या फटक्यात आला, कटिंगला थरथर नाही. पाचवं रुखवत पूर्ण झालं. पट्टी पुसून हलकं तेल लावलं, ठिपके राहिलेत पण बेअरिंग मोकळं फिरतंय. लेन्सही काढून बघितली, तिच्या कडेला धुरकट डाग आहे, ती पुढच्या महिन्यात बदलेन. डॉक्टरांनी छाती तपासली, सध्या ठीक म्हणाले, पण धुराची नळी छतावर न्यायला सांगितलं. त्याचं काम सोमवारी.

रुखवतवाली – शुक्रवार, ९.४८

छान झालं दादा. पाकिटांच्या ऑर्डरीचं काय करणार? मी फेल्टची कापते, लोकरीच्या फेल्टला वास येतो पण केसांसारखा, क्लोरीनचा नाही. खादीचा जाड हातकागदही सुंदर कापला जातो.

फर्मवेअरप्रेमी – शुक्रवार, ९.५५

आता सगळं ठीक आहे तर फर्मवेअर अपडेट करायला हरकत नाही.

अशोकचौकी – शुक्रवार, १०.०२

ताई, हातकागदाचा पत्ता व्यनि करा. रेक्झिनचा उरलेला रोल शेजारी बॅगा शिवणारे आहेत त्यांना दिला. कात्रीने कापून शिवतात. त्यांच्या बायकोने बदल्यात आईला बाजारची पिशवी शिवून दिली, आईने त्याच पिशवीतून आज अर्थिंगच्या खड्ड्यासाठी कोळसा आणलाय. कुंडी आता झाकणाच्या बाजूला आहे, आणि तुळशीला पाणी घालताना एक तांब्या खड्ड्यातही जातो.